जुनं इंजिन जातं तेव्हा: रायगडच्या होड्या आणि 'बदली'चा इतिहास

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझा प्रश्न बदलला, आणि तो बदलला एका जाम झालेल्या इंजिनामुळे.

माझा विषय तसा साधा होता: रायगड किनाऱ्यावरच्या मासेमारी होड्यांवर इंजिन कधी आलं आणि कसं आलं. शीड गेलं, इंजिन आलं, मासे वाढले, कर्ज वाढलं, अशी सरळ गोष्ट. फील्डवर्कसाठी मी अलिबाग तालुक्यातल्या एका बंदरावर जात होते. तिथे एका काकांची पंचवीसेक फुटांची जुनी फायबरची होडी आहे. मागे दोन आउटबोर्ड इंजिनं, दोन्ही जुनी टू-स्ट्रोक, पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायची. त्यातलं एक जाम झालं. मी वही काढून विचारलं, "काका, होडीला पहिलं इंजिन कधी बसवलं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पयल्याचं काय करतेस पोरी? आता दुसरं कंचं घेऊ, ते सांग. तू एवढी पुस्तकं वाचतेस ना?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि घरी येताना लक्षात आलं की माझ्याकडे जमा झालेल्या एकाही कागदात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सगळे कागद पहिल्या इंजिनाबद्दल बोलत होते. दुसऱ्याबद्दल, तिसऱ्याबद्दल कोणीच नाही.

आजचा लेख त्याबद्दल आहे. संशोधनाचा प्रश्न शोधणाऱ्या मित्रमैत्रिणींना त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

पहिल्याचा इतिहास सोपा का असतो

पहिल्या गोष्टीचा कागद होतो. योजना निघते, उद्घाटन होतं, अहवालात आकडा येतो. आउटबोर्डचंच बघा. होडीच्या मागे अडकवायचं, उचलून घरी नेता येणारं इंजिन ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ साली विकायला सुरुवात केली. यामाहाचं पहिलं आउटबोर्ड १९६० सालचं. ही वर्षं कुठेही सापडतात. भारतातही तसंच. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रांचा करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. जॉन कुरियन यांचा १९८५ चा लेख या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. पुढे सातव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९८५–९०) पारंपरिक होड्यांना मोटर बसवण्यासाठी केंद्राची अनुदान योजना आली. योजनेच्या नावातच 'पारंपरिक होडीला मोटर' आहे. म्हणजे तिचं लक्ष पहिल्यांदा बसणाऱ्या इंजिनाकडे.

पण इंजिन काही एकदाच बसत नाही. खाऱ्या पाण्यात ते झिजतं, जाम होतं, त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० साली थांबलं. तेव्हा जगभरच्या कितीतरी होडीवाल्यांपुढे काकांचाच प्रश्न उभा राहिला असेल. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या पुस्तकात हाच मुद्दा मांडलाय: तंत्रज्ञानाचा इतिहास आपण शोधांच्या तारखांवर लिहितो, पण माणसं जगतात ती वापरात असलेल्या, दुरुस्त केलेल्या, जुन्या वस्तूंबरोबर. पुस्तक मी आधीच वाचलं होतं. कळलं मात्र बंदरावर.

पहिलं इंजिन घेताना माणूस बऱ्याचदा योजनेकडे किंवा शेजाऱ्याकडे बघून घेतो. बदली इंजिन घेताना त्याच्याकडे स्वतःचा अनुभव असतो. आधीच्या इंजिनाने काय दिलं आणि काय छळलं, हे त्याला पाठ असतं. म्हणजे बदलीचा निर्णय हा त्या तंत्रज्ञानावरचा वापरणाऱ्याचा निकाल असतो. इतिहासकाराला याहून चांगलं काय हवं?

रायगडमध्ये डिझेल का रुजलं

काकांच्या प्रश्नाकडे येण्याआधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या किनाऱ्यावर मोठ्या होड्यांमध्ये बहुतेक आत बसवलेलं डिझेल इंजिन दिसतं. लोक होडी ओळखतातही सिलिंडरवरून: दोन सिलिंडरची, चार सिलिंडरची, सहा सिलिंडरची. आउटबोर्ड छोट्या होड्यांवर. केरळात मात्र १९८० नंतर आउटबोर्डची लाट आली. हा फरक का?

एक कारण भूगोलाचं. केरळच्या उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर लाटांतून होडी ढकलायची आणि परत वाळूवर ओढायची असते. तिथे मागे अडकवलेलं, वर उचलता येणारं इंजिन सोयीचं. रायगडला खाड्या आहेत. रेवस, आगरदांडा, राजपुरी, दिघी इथे होडी खाडीत आडोशाला उभी राहते. भरती-ओहोटीतला फरक केरळात जेमतेम मीटरभर, आपल्याकडे उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत. होडी भरतीला तरंगते, सुकतीला गाळात बसते. ती रोज ओढायची नसते, त्यामुळे जड डिझेल इंजिन चालतं.

दुसरं कारण मासेमारीचं. बोंबील-जवळ्याची डोल जाळी समुद्रात खुंटांना बांधलेली असते. मासा प्रवाहाबरोबर जाळ्यात येतो. इथे वेग दुय्यम. ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध भरलेली होडी संथपणे ओढणारी ताकद हवी. ती डिझेल देतं.

तिसरं कारण मिस्त्रीचं, आणि हे मला कुठल्याही अहवालात सापडलं नाही. ट्रक-बसच्या जातीची डिझेल इंजिनं होडीत बसू लागली, तेव्हा ती दुरुस्त करणारे हात तालुक्यात आधीच होते. गाड्यांखाली काम शिकलेला माणूस होडीचं इंजिनही उघडू शकतो. आउटबोर्डचा मिस्त्री मात्र वेगळा, आणि त्याचे भाग लांबून येतात.

चौथं कारण धोरणाचं. महाराष्ट्रात मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. पेट्रोल किंवा रॉकेल जाळणाऱ्या होडीला डिझेलच्या परताव्याचा काय उपयोग? रेशनच्या रॉकेलवरचं केंद्राचं अनुदानही २०१६ पासून हळूहळू कमी होत २०२० पर्यंत संपलं. काकांची दोन्ही इंजिनं रॉकेल स्वस्त असतानाच्या हिशेबाने घेतलेली होती. इंजिन जाम झालं ते त्या दिवशी. हिशेब त्याच्या खूप आधी मोडला होता.

माझी आकडेमोड, आणि ती कुठे फसली

आता विचारलंच आहे तर अभ्यास करू, म्हणून मी बसले. एफएओची छोट्या मासेमारी नौकांसाठी इंधनबचतीची एक सोपी पुस्तिका आहे (२०१२). तिच्या आधारे वहीत मांडणी केली.

पाणी कापत जाणाऱ्या जड होडीला वेगाची एक व्यावहारिक मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला १.३४ ने गुणायचं. लांबी २५ फूट धरली तर वर्गमूळ ५, म्हणजे साधारण ६.७ नॉट. यापुढे कितीही ताकद लावली तरी होडी मागून बसते आणि पैसे पाण्यात जातात. ताकदीची गरज वेगाच्या साधारण घनाने वाढते. वेग फक्त १० टक्के कमी केला तर लागणारी ताकद सुमारे २७ टक्क्यांनी उतरते आणि तेवढंच अंतर कापायला इंधन सुमारे १९ टक्के कमी लागतं.

मग वजन. १५ अश्वशक्तीचं जुन्या पद्धतीचं टू-स्ट्रोक ३६-३७ किलोचं असतं. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ५० किलोच्या आसपास. फोर-स्ट्रोक इंधन कमी पितं, धूर कमी करतं, पण दोन बसवली तर मागे पंचवीस-तीस किलो जास्त. तेही पंचवीस वर्षांच्या जुन्या फळीवर. फायबरच्या आतल्या लाकडात पाणी मुरलेलं असलं तर फळी बाहेरून धड दिसते आणि आतून भुसा झालेली असते. हातोडीने ठोकून बघायचं: टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आधी फळी, मग इंजिन. शिवाय इंजिनाच्या दांड्याची लांबी मागच्या फळीच्या उंचीला जुळायला हवी, आणि पंखा जड होडीला साजेसा, कमी पिचचा हवा. नाहीतर नवं इंजिनही धापा टाकतं.

सगळी बेरीज करून मी निष्कर्ष काढला: दोनची गरजच नाही. एक मध्यम फोर-स्ट्रोक पुरे. वही घेऊन मोठ्या ऐटीत बंदरावर गेले.

काकांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आणि ते खाडीच्या तोंडाशी बंद पडलं तर? सुकती चालू, वारा समोरून. तेव्हा तुझी वही वल्हवू का?"

माझी आकडेमोड बरोबर होती. प्रश्न चुकीचा होता. मी वेग आणि इंधन मोजत होते, ते परत घरी येण्याची खात्री मोजत होते. रायगडकरांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर रायफली असलेली एक बेवारस बोट सापडली आणि सगळा जिल्हा हादरला. चौकशीत समोर आलं ते असं: जूनमध्ये ओमानच्या बाजूला तिचं इंजिन बंद पडलं, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं, आणि बोट एकटी वाहत वाहत आपल्याकडे आली. इंजिन गेल्यावर समुद्र होडीला कुठे नेईल, ते होडीवाल्याच्या हातात नसतं.

दोन इंजिनं, एक टाकी

तरीही 'दोन म्हणजे सुरक्षित' हे मी सहज मान्य केलं नाही, आणि इथून पुढचा भाग खास संशोधन करणाऱ्यांसाठी.

समजा एका फेरीत एक इंजिन बंद पडण्याची शक्यता १०० पैकी २ आहे. (आकडा केवळ उदाहरणाचा.) दोन्ही एकाच फेरीत बंद पडण्याची शक्यता मग १०,००० पैकी ४. केवढा फरक! पण हा गुणाकार एका अटीवर चालतो: दोन्ही बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. काकांच्या दोन्ही इंजिनांना इंधन एकाच टाकीतून जायचं. टाकीत पाणी शिरलं की दोन्ही थांबणार. दोन्ही एकाच वयाची, एकाच मिस्त्रीने उघडलेली, एकाच रॉकेलवर चाललेली. दिसायला दोन, पण अडचणीच्या वेळी एकच.

हे वहीत लिहिताना मला माझीच लाज वाटली. कारण माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी अगदी हेच केलं होतं. 'दोन साधनं एकमेकांना दुजोरा देतात' असं एक वाक्य होतं. तपासलं तर दुसऱ्या अहवालाने आकडा पहिल्यातूनच उचललेला. म्हणजे एका टाकीवरची दोन इंजिनं. तुमच्याही तळटिपांत अशी जोडी असेल. मार्गदर्शकांनी पकडण्याआधी तुम्हीच टाकी तपासा.

साधनांबद्दल आणखी दोन गोष्टी, मला वेळ गमावून कळलेल्या.

एक, नावाची. रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. त्याआधीच्या कागदांत 'रायगड' शोधाल तर किल्ला सापडेल, जिल्हा नाही. १८८३ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर 'कुलाबा आणि जंजिरा' या नावाने आहे. महाराष्ट्र शासनाचं १९६४ चं 'कुलाबा'. आणि 'कुलाबा' शोधलं की मुंबईतल्या कुलाब्याचे कोळीवाडेही त्यात येतात. ते वेगळे काढावे लागतात.

दुसरी, रकान्यांची. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या गणनांमध्ये (२००५, २०१०, २०१६) होड्यांचे तीन प्रकार आहेत. ज्यांत मासेमारीचं कामही यंत्राने होतं त्या 'मेकनाइज्ड', ज्यांत इंजिन फक्त होडी चालवायला आणि जाळं हाताने ओढायचं त्या 'मोटराइज्ड', आणि बिनइंजिनाच्या. मराठी सरकारी भाषेत मात्र बहुधा दोनच शब्द भेटतात: यांत्रिक आणि बिगरयांत्रिक. काकांची होडी पहिल्या हिशेबात मधल्या रकान्यात, दुसऱ्या हिशेबात सहा सिलिंडरच्या ट्रॉलरच्या शेजारी. दोन तक्ते एकमेकांखाली ठेवून 'यांत्रिकीकरण वाढलं' असं लिहिण्याआधी शब्द काय मोजतोय ते बघायला हवं.

आणि एक रकाना कुठेच नाही: होडीवर इंजिनं किती, आणि आत्ताचं कितवं.

इंजिनावरचा नंबरही कागदच असतो, हे विसरू नका. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्लेखोरांच्या रबरी होडीवर यामाहाचं आउटबोर्ड होतं. त्याचा नंबर खोडण्याचा प्रयत्न झाला होता, तरी तपासात तो महत्त्वाचा धागा ठरला. आपलं काम इतकं गंभीर नसेल, पण इंजिनाच्या नंबरपट्टीवरून ते कुठून आलं, कितव्या हाताने आलं, हे बऱ्याचदा कळतं. मी आता माणसांच्या मुलाखतीबरोबर इंजिनाचीही पट्टी उतरवून घेते, मालकाला विचारूनच.

शेवटी काय घेतलं

निर्णय काकांनी घेतला असं मी पहिल्या टिपणात लिहिलं होतं. तेही चुकीचं. पैसे काकींच्या भिशीचे होते. बाजारात मासळी विकणाऱ्या त्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: लिलावाच्या वेळेआधी होडी लागेल का, आणि हप्ता पावसाळ्यातही भरावा लागेल का? कारण १ जून ते ३१ जुलै बंदी. दोन महिने होडी वर, कमाई बंद. हप्त्याचं कॅलेंडर आणि समुद्राचं कॅलेंडर जुळत नाही, हे त्यांना कुठल्याही अर्थतज्ज्ञाइतकंच नेमकं माहीत होतं. दोन नवी इंजिनं त्या हिशेबात बसत नव्हती.

मग ठरलं ते असं: एक नवं फोर-स्ट्रोक, पेट्रोलवर, रोजच्या कामाला. दोन जुन्यांपैकी जे चालू होतं ते ठेवायचं. जाम झालेल्याचे चांगले भाग काढून त्याला लावायचे. आणि ते मागे बाजूला, वर उचलून, फक्त अडीनडीला. त्याचं इंधन वेगळं, म्हणून टाकीही वेगळी. आधी मागची फळी काढून नवी बसवली, मगच इंजिन चढलं.

हे बघून मी गप्प झाले. एक नवं, एक जुनं, वेगवेगळं वय, वेगवेगळं इंधन, दोन टाक्या. वहीत गुणाकारासाठी जी स्वतंत्रतेची अट मी लिहिली होती, ती काका-काकींनी पैशाच्या तंगीतून आणि अनुभवातून बरोबर गाठली होती. माझ्या एका तरी साधनाला हे माहीत होतं का? गणनेत ही होडी कालही एक 'मोटराइज्ड' नौका होती आणि आजही एकच आहे. त्या तक्त्यासाठी काहीच घडलेलं नाही.

माझ्या प्रबंधाचा प्रश्न आता असा आहे: रायगडच्या होड्यांवर जुनं इंजिन गेलं तेव्हा त्याच्या जागी काय आलं, कोणी ठरवलं आणि कशाच्या हिशेबावर? त्यासाठी मी प्रत्येक होडीवर चार गोष्टी विचारते. आधी काय होतं? ते का गेलं: मोडलं, इंधन महागलं की भाग मिळेनात? पैसे कोणाचे? आणि जुन्याचं पुढे काय झालं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळवताना मी इतक्या पडव्यांमध्ये, झापांखाली, गोणपाटाखाली गंजलेली इंजिनं पाहिलीत की तेच माझं अभिलेखागार झालंय.

विषय शोधत असाल तर तुमच्या गावातल्या हातपंपाला, पिठाच्या गिरणीला, शिलाई मशीनला हेच चार प्रश्न विचारून बघा. पहिलं कधी आलं ते गॅझेटिअरमध्ये असेल. दुसरं का घेतलं ते माणसाला विचारावं लागेल.

परवा बंदरावर गेले होते. नवं इंजिन व्यवस्थित चालतंय. "दुसरं लागलं का कधी?" मी विचारलं. काका म्हणाले, "अजून नाय. पण रविवारी चालू करून बघतो. ठेवलंय म्हणून चालेलच असं नाय."

प्रबंधाच्या जुन्या टिपणांची फाइल त्या रात्री मी उघडून पुन्हा तपासली.